कथा-कादंबरीतला उपरा माणूस : त्याचं मन लिहायचं की गावाचं वागणं? (ग्रामीण विदर्भ)

धुरकरी
खेड्यावरच्या नव्या कथा वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. बाहेरून आलेला माणूस कुणीही असो, सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी), मास्तर, घरजावई, बेड्यावरचा (वस्तीवरचा) पारधी, धरणात गाव बुडालेला शेतकरी. लेखक त्याला संध्याकाळी नाल्याच्या काठी नेऊन बसवतो आणि चार पानं त्याच्या मनातली खंत लिहितो. तेवढा वेळ गाव नुसतं उभं असतं. कुणी त्याला काही विचारत नाही, देत नाही, नाकारत नाही.

माझं मत असं की एकटा माणूस स्वतःहून असू शकतो, पण उपरा त्याला दुसरे करतात. म्हणून त्या दुसऱ्यांचं वागणं कागदावर यायला हवं. ग्रामीण विदर्भात हे वागणं नेमकं कुठे दिसतं? कोणत्या जागी, कोणत्या सणाला, कोणत्या कागदावर? 'गावाने त्याला आपलं मानलं नाही' हे वाक्य खोडून तिथे काय लिहिता येईल ते सांगा. पश्चिमेचं वऱ्हाड, पूर्वेची झाडीपट्टी, दोन्हीकडचं येऊ द्या.

निंबोणी
सुरुवात वस्तीपासून करा. 'गावाबाहेरची झोपडी' असं लिहिलं की लेखकाने गाव पाहिलेलं नाही हे लगेच कळतं. यवतमाळकडे केळापूर, मारेगाव, झरी जामणीत कोलामांचं पोड असतं. पुसद, दिग्रसकडे बंजाऱ्यांचा तांडा. पारध्यांचा बेडा. पूर्वेकडे एकाच गावात वेगवेगळ्या टोल्या. प्रत्येकाची ठेवण निराळी आहे. तांड्याला स्वतःचा नाईक आहे, स्वतःचं देऊळ आहे. तांड्यातला माणूस तांड्यात उपरा नसतो, बाजूच्या गावाच्या चावडीत असतो. बेड्यावरच्या माणसाची गोष्ट त्याहून कठीण, कारण बेडा ज्या जमिनीवर आहे ती बहुतेक वेळा त्याची नसते.

ती जमीन कोणती हे लेखकाला माहीत पाहिजे. ई-क्लास, म्हणजे सरकारी गुरचरण, असेल तर ग्रामपंचायत तक्रार करते. वनजमीन असेल तर वनरक्षक येतो. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल असेल तर महसूल आणि वन या दोन खात्यांच्या मध्ये माणूस लटकतो. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानली, त्यामुळे आजच्या काळातली कथा असेल तर हा धोका पात्रांच्या बोलण्यात यायलाच हवा. झोपडी हटवायला कोण येईल यावर पात्राची भीती ठरते.

मग पाणी. नळाची लाइन शेवटच्या कोणत्या घरापाशी थांबते, हापशीवर गुंड (घागर) लावायची पाळी कोणाची कधी येते, एप्रिल-मेमध्ये विहीर खाली गेली की पहिल्यांदा 'तुमी दुसरीकडून आना' असं कोणाला म्हटलं जातं. हा प्रसंग नीट लिहिला तर मनातली खंत वेगळी लिहावी लागत नाही.

बोंड
सालदाराले इसरू नका भाऊ. गावात सगळ्यात जवळचा उपरा तोच हाय. मालकाच्या घरचं सगळं त्याले माहीत रायते, पण पंगतीत त्याचं पान कुठी पडते ते पाहा.

धुरकरी
बोंडभाऊ, जरा सविस्तर सांगा ना. सालदारकीचे व्यवहार नव्या लिहिणाऱ्यांना ठाऊक नसतात.

बोंड
साल गुढीपाडव्याले सुरू होते आन् गुढीपाडव्याले संपते. त्याच्या आधी आठ-पंधरा दिवस बोलणं चालू रायते. रोख किती, दाणे किती, कपड्याचा जोड, चपला, उचल किती, हे चारचौघांसमोर ठरते. कामावर आला नाही तो दिवस म्हंजे खाडा, तो सालातून कापतात. उचल घेतलेला माणूस मधातच सोडून गेला त मालक पैसे वापस मांगते, आन् पैसे नसले त पुढच्या सालाले तो तिथंच अडकते. म्हणून नुसतं 'गरीब सालदार' लिहून भागत नाही. उचल किती बाकी हाय ते लिहा, म्हंजे तो काहून निघून जात नाही ते वाचणाऱ्याले समजते.

दिवसही लिहा. पहाटे शेणपाणी, बैलाले कुटार, मंग वावर, आन् डुकरं येतात त रात्री जागली. चहाची त्याची कपबशी गोठ्यातल्या कोनाड्यात रायते. कोणी त्यावर बोलत नाही. तीच गोष्ट लिहाची.

निंबोणी
बोंड यांच्या मुद्द्याला जोडून पोळा घ्या, कारण गावातली प्रत्येकाची जागा त्या एका दिवशी उघड दिसते. आदल्या संध्याकाळी खांदमळणी. हळद-लोण्याने बैलाचे खांदे शेकतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात. हे सगळं सालदाराच्या हातून होतं. दुसऱ्या दिवशी बैलांचा साज: मठाट्या, झुली, बेगड, घुंगरं. बैल मालकाचे, पण तोरणाखाली कासरा सालदाराच्या हातात. मानाची जोडी आधी, मग बाकीच्यांचा क्रम. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे गावातले ठरलेले गडी असतात, एकाने म्हटली की दुसऱ्या बाजूने उत्तर येतं आणि 'हर बोला हर हर महादेव' होतं. मेळघाटातून दर्यापूर-अकोटकडे सालाने आलेला कोरकू गडी तिथे उभा आहे. त्याला झडती येत नाही. रांगेत त्याची जागा मालकाच्या मानाने ठरलेली, स्वतःच्या नव्हे. तोरण तुटल्यावर तोच बैल घेऊन घरोघरी जातो, ओवाळून घेतो, बोजारा (बक्षिसी) घेतो. वर्षातला सगळ्यांत मानाचा दिवस, आणि तो मान बैलामुळे. एवढ्या एका दिवसावर पूर्ण कथा उभी राहते.

चूक होते ती अशी: लेखक पोळा रंगवतो, आणि सालदाराला गर्दीत सोडून देतो. कॅमेरा कासऱ्यापाशी ठेवा.

टेंभुरपान
सगळं पटतं, पण धुरकरींच्या मूळ भूमिकेला थोडा विरोध. मन लिहूच नये असं नाही. अल्जीरियात वाढलेल्या फ्रेंच लेखक काम्यूच्या 1942 च्या 'द आउटसायडर' या छोट्या कादंबरीतला मेर्सो हा जगातला बहुधा सर्वांत ओळखीचा उपरा, आणि ती कादंबरी संपूर्ण त्याच्याच तोंडून आहे. मात्र तो खंत सांगत बसत नाही. ऊन किती होतं, कॉफी प्यायली, सिगारेट ओढली, हे सांगतो. खटला खुनाचा, पण आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही याचीच झाडाझडती न्यायालयात होते. म्हणजे प्रथमपुरुषी निवेदन असूनही उपरेपणाचा शिक्का बाहेरच्यांनीच मारलेला आहे. तेव्हा 'मी' वापरायला हरकत नाही. त्या 'मी'ने स्वतःच्या दुःखावर भाष्य करू नये.

त्याच कादंबरीत मारल्या गेलेल्या अरबाला नावसुद्धा नाही. अल्जीरियाच्याच कामेल दाऊदने 2013 साली त्या मृताच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली आणि त्याला नाव दिलं. आपल्याकडे लिहिताना हा धडा हाताशी ठेवावा: एका उपऱ्याचं मन लिहिण्याच्या भरात त्याच्याहून बाहेरचा माणूस बिननावाचा राहतो. मास्तराची व्यथा लिहिताना शाळा झाडणारी बाई 'एक बाई' म्हणून येऊन जाते.

सातबारा
कागदांबद्दल लिहितो, कारण आजचं उपरेपण चावडीपेक्षा तहसिलात जास्त ठरतं.

1) गावात घर आहे हे ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून कळतं, ती घरांच्या कर आकारणीची नोंदवही. त्यात नाव नाही तर घरकुलापासून वीजजोडणीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न येतो.

2) जातीचा दाखला. पूर्वज महाराष्ट्रात ठरावीक तारखेआधी राहत होते हे दाखवावं लागतं: अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. पुरावा म्हणून आजोबाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागतात. आता ज्याचा आजा शाळेत गेला नाही, आणि दर पावसाळा वेगळ्या शिवारात काढायचा, त्याचा जन्म कोणत्या कोतवालाने लिहिला असेल? कथेतला अर्ज इथे अडतो. 'सरकारी छळ' असं मोघम न लिहिता कारकून कोणता कागद मागतो आणि तो का असूच शकत नाही ते लिहा.

3) कैकाडी समाज विदर्भात (अकोला, अमरावती, भंडारा, बुलडाणा, नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर) अनुसूचित जातीत आहे आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. विदर्भ पूर्वी मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, याद्या तेव्हाच्या. त्यामुळे लग्न होऊन इकडची मुलगी मराठवाड्यात गेली की एकाच घरात दोन वेगळे दाखले. कादंबरीकाराला याहून धारदार तपशील कुठे मिळेल?

4) 1950 च्या आसपासची कथा असेल तर वऱ्हाड आणि मध्य प्रांत एक समजू नका. भंडारा-चांद्याकडे मालगुजारी होती, गावठाणातली मोकळी जागा मालगुजाराच्या शब्दावर मिळायची. वऱ्हाडात रयतवारी, तिथे पाटील आणि खातेदार. नवा माणूस हात जोडून कोणाच्या दारात उभा राहतो, ते यावर ठरतं. निस्तार पत्रक मिळालं तर जरूर वाचा. जळाऊ लाकूड, चराई, माती, मुरूम कोणी कुठून घ्यायचा याची नोंद त्यात असते. गावाचा माणूस कोण, याची ती जवळजवळ लेखी व्याख्या आहे.

टेंभुरपान
सातबारा, माहिती मोलाची आहे. भीती एवढीच की असं लिहिलं की कथेचा अहवाल होतो.

सातबारा
एका कथेत एकच कागद आणावा. तो पात्राच्या हातात असावा, लेखकाच्या नव्हे. घामाने भिजलेली कोतवाल बुकाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून अर्जदार बाई खिडकीपाशी उभी आहे, एवढं पुरे. कायदा समजावत बसलात तर अहवाल होईलच.

मोहफूल
इथपर्यंत सगळे पुरुषच उपरे दिसतात. लग्न होऊन येणारी प्रत्येक बाई बाहेरचीच असते, आणि गाव ते विसरू देत नाही. चाळीस वर्षं झाली तरी ती 'मोर्शीवाली', 'आर्वीवाली'. चांगलं चाललं तोवर ती लाडाची हाक असते. बिनसलं की तीच हाक लांब सारते. एकच हाक दोन प्रसंगांत वापरून बघा, स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही.

शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतरची बाई लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक जण तिला रडवून थांबतात. खरा संघर्ष वारस नोंदीत असतो. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी. मग फेरफार नोंदवहीत नोंद, सर्व हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. दिराने हरकत घेतली की प्रकरण वादात. त्या पंधरा दिवसांत घरात काय बोललं जातं ते लिहा. 'पोरं लहान हायेत, सध्या नाव राहू दे', 'तू माहेरी जाऊन ये जरा'. कोणी भांडत नाही, सगळे मऊ बोलतात. माहेरी गेली तर तिथे भावजयीच्या चुलीपाशी ती पुन्हा पाहुणी. दोन्ही गावांत तिचं गाव कुठलंच नाही.

पळसपापडी
मोहफूलताई, हे वाचून माझ्या कथेची शेवटची तीन पानं काढून टाकतेय. धन्यवाद.

वैनगंगाकाठ
बोलीबद्दल लिहायचं राहिलं आहे. निवेदन पुण्याच्या छापील मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत, अशी रचना केली की अख्खं गावच वाचकाला परकं होतं आणि खरा उपरा त्यात हरवतो. उद्धव शेळक्यांची 1960 ची 'धग' आजही धडा म्हणून वाचावी, कारण तिथे वऱ्हाडी सजावटीला आलेली नाही, नायिका कौतिकचं जगणंच त्या भाषेत आहे.

'विदर्भाची बोली' अशी एकच बोली नाही. वऱ्हाडीत ळ चा य होतो: डोया, काया. झाडीबोलीत र होतो: डोरा, कारा. भंडाऱ्याचा माणूस अकोटच्या बाजारात तोंड उघडताच ओळखू येतो. हा फरक एकदा, योग्य जागी दाखवला की पुरे. त्याच्या प्रत्येक वाक्यात असे शब्द कोंबले तर तो नाटकातला विनोदी नोकर होतो.

आणि पूर्वेकडचे उपरे केवळ मराठी नाहीत. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे. सिरोंच्याकडे तेलुगू घराघरात. बंगाली शेतकऱ्याला वनहक्काचा दावा करायचा तर 2006 च्या कायद्याने बिगर-आदिवासीला तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. येऊन पन्नास-साठ वर्षं झालेला माणूस इथे उणा पडतो. शेजारच्या माडिया-गोंड गावाचीही त्यात बाजू आहे, त्या गावाची जमीन आणि जंगल आधीपासून आहे. उपऱ्याशी न्यायाने वागताना यजमानाला खलनायक करू नका.

धुरकरी
शेवटचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवावं. काठेवाड्यांबद्दल कोणी सांगेल का? तेही बाहेरचेच.

निंबोणी
काठेवाडी आणि उपरा यांत फरक करा. गुरं, मेंढरं, उंट घेऊन येणारा काठेवाडी पीक निघालेल्या वावरात उतरतो, मेंढरं बसवायचा सौदा करतो. किती मेंढरं, किती रात्री, बदल्यात दाणे की पैसे. खत मिळतं म्हणून शेतकरी त्याला बोलावतोसुद्धा. तो जाणार हे दोघांना ठाऊक असतं, म्हणून भांडण झालं तरी ते हरभऱ्यात घुसलेल्या मेंढरांचं असतं, माणसाचं नव्हे.

टेंभुरपान
अगदी हाच फरक जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेलने 1908 च्या निबंधात केला आहे. आज येऊन उद्या जाणारा तो प्रवासी. आज येऊन उद्याही राहणारा तो परका. आत राहून बाहेरचा, म्हणून लोक त्याला मनातलं सांगतात आणि तंट्यात मध्यस्थ करतात, कारण तो कोणत्याच भावकीत नाही. खेड्यातल्या कथेला हे फार उपयोगी. बाहेरून आलेल्या डॉक्टरला, कंपाउंडरला गावची गुपितं ठाऊक असतात. भावकीत फूट पडली की पहिला संशयही त्याच्यावरच. विश्वास आणि संशय या दोन्हींचं कारण एकच असतं. हे दोन प्रसंग एकाच पात्राला दिले की पात्र भरीव होतं.

रानवाट
पारध्यांवर लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेले लोक 1952 च्या ऑगस्टअखेर कायद्याने मोकळे झाले, पण चोरी झाली की आजही गाडी आधी बेड्याकडे वळते. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तितर-बटेर धरणं गुन्हा झालं, म्हणजे पिढ्यांचा धंदाच गेला. हे दोन कायदे माहीत नसताना लिहिलेला पारधी एक तर चोर होतो नाही तर बिचारा.

माझं स्पष्ट मत आहे की हे जगणं ज्याचं आहे त्याने आधी लिहावं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' 1980 साली आलं, 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि तोवर दुसऱ्यांनी लिहिलेलं भटक्यांचं जगणं किती लांबून पाहिलेलं होतं ते कळलं.

टेंभुरपान
आधी त्याने लिहावं, मान्य. फक्त त्यानेच लिहावं, हे मान्य नाही. तसं झालं तर पाटलाच्या घरात जन्मलेला लेखक फक्त पाटलांवर लिहील आणि बेडा पुन्हा गावाबाहेरच राहील.

रानवाट
मग निदान इतकं करावं. बाहेरच्या लेखकाने बेड्याच्या आतून निवेदन करू नये, गावाच्या बाजूने करावं. स्वतःच्या गावाने काय केलं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. चोरीच्या रात्री पोलीस पाटलाकडे कोण गेलं, नाव कोणी घेतलं, खरा चोर सापडल्यावर बेड्यावर सांगायला कोणी गेलं का. आणि त्यांची बोली, जिच्यात गुजरातीचा अंश आहे, ती चार शब्दांपुरती उचलून सजावट करू नये.

टेंभुरपान
हे मान्य. आणि याला विदर्भातलाच एक जुना आधार आहे. तेराव्या शतकात महानुभावांचं 'लीळाचरित्र' रिद्धपूरला लिहिलं गेलं. चक्रधर गुजरातेतून आलेले, म्हणजे मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ बाहेरून आलेल्या माणसाबद्दल आहे. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या. लीळा छोट्या आहेत: कुठे बसले, कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर दिलं. मनाचं वर्णन जवळजवळ नाही, तरी माणूस समोर उभा राहतो. धुरकरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सातशे वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यात दिलेलं आहे.

पळसपापडी
एक व्यावहारिक अडचण. माझी कथा गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावाची आहे. तिथे एक माणूस नाही, अख्खं गावच नव्या जागी गेलं आहे. मग उपरं कोणी केलं कोणाला?

वैनगंगाकाठ
पुनर्वसन गावठाण कोणत्या जुन्या गावाच्या शिवारात आहे ते आधी ठरवा. तिथल्यांची चराई गेली, म्हणून त्यांचा राग. नव्यांना 18 नागरी सुविधा मिळायच्या असतात; शाळा, रस्ता, समाजमंदिर बांधलेलं दिसतं, पण नदी नाही. मासेमारी करणारे ढिवर असतील तर धंदा तिथेच संपला, शेतकऱ्यापेक्षा त्यांचं नुकसान वेगळं मोजा. शिवाय नव्या गावठाणात प्लॉट क्रमाने वाटतात, त्यामुळे जुन्या टोल्या मोडतात आणि शतकभर लांब राहिलेली घरं भिंतीला भिंत लागून येतात. बाहेरच्यांसाठी सगळे उपरे, आणि आत पुन्हा कोण कोणाच्या शेजारी राहायला तयार नाही याची वेगळी धुसफूस. दोन्ही एकदम दाखवता येतात.

निंबोणी
पळसपापडीताई, त्या गावातला पहिला पोळा घ्या. तोरण कुठे बांधायचं यावरची बैठक. जुन्या गावात मारुतीपुढे बांधायचे. इथे मारुतीची मूर्ती आणली आहे पण देऊळ अजून समाजमंदिराच्या खोलीत आहे. बाजूच्या गावाचे बैल चौकातून जातात. बरेच जण भूमिहीन झालेत, त्यांच्याकडे बैल नाहीत, तरी मानाच्या जोडीचा हक्क ते सोडत नाहीत.

बोंड
बैल नसले त मातीचे चालतात म्हणून कोणी म्हणन. त्यावर म्हातारा काय बोलते ते लिहा ताई. तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी रायते, पोरायचा. मोठ्यायच्या पोळ्याले मातीचे बैल म्हटलं त भांडण पक्कं होते.

पळसपापडी
घेते. बैठकीपासूनच सुरू करते, आणि मानाच्या जोडीचा हक्क सांगणाऱ्याच्या घरी आता फक्त झूल आणि मठाट्या उरल्यात, असं धरते. तोरणाची जागा नकाशावर कशी ठरते, म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव लागतो का, हे सातबारा सांगतील का?

सातबारा
तोरणासाठी ठराव लागत नाही, पण चौकातली जागा सार्वजनिक म्हणून आराखड्यात दाखवलेली असते. बाजूच्या गावासोबत गटग्रामपंचायत असेल तर सरपंच त्यांचा असण्याची शक्यता जास्त, कारण मतं त्यांची जास्त. बैठकीत तोंडी हो म्हणेल आणि आदल्या दिवशी त्याच चौकात मुरमाची ट्रॉली खाली होईल, असं लिहिलं तरी खरं वाटेल.